वस्ती आणि तिचें भोजनगृह

१. विषयप्रवेश

एखाद्या वस्तींत कोणत्या प्रकारचें भोजनगृह असावें हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदाराचा आहे. इतिहाससंशोधकानें लक्ष घालावें असें त्यांत कांहीं दिसत नाहीं. दुकानदार जागा पाहतो, भाडें विचारतो, येणारें-जाणारें गिऱ्हाईक मोजतो आणि चुलीवर काय चढवावयाचें तें ठरवितो. परंतु महाराष्ट्रांतील शहरें गेल्या दीडशे वर्षांत कशीं वाढलीं याचा शोध घेऊं लागलें म्हणजे हाच प्रश्न संशोधकाच्या वाटेंत वारंवार आडवा येतो. वस्तींत कोण राहात होतें, तें कोठून आलें, कुटुंब बरोबर आणलें कीं गांवीं ठेवलें, कामावर किती वाजतां जात होतें, पगार रोजचा होता कीं महिन्याचा, आणि कोणाच्या हातचें पाणी चालत होतें, इतक्या गोष्टी एका खानावळीच्या वहींत नकळत नोंदल्या जातात. तहनामे, सनदा आणि वतनपत्रें यांत त्या सांपडत नाहींत.

सामान्य समजूत अशी आहे कीं, वस्तीला जें हवें असतें तें आपोआप निघतें, आणि जें निघत नाहीं त्याची वस्तीला गरजच नसते. ही समजूत अर्धीच खरी आहे हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. वस्तीची गरज दोन प्रकारची असते. एक गरज गिऱ्हाइकाच्या रूपानें स्वतः दारांत येऊन उभी राहते. ती ओळखण्यास व्यापारी पुरतो. दुसरी गरज रूढीनें किंवा दारिद्र्यानें इतकी दडपलेली असते कीं, ती गिऱ्हाईक म्हणून दिसतच नाहीं. तिच्यासाठीं व्यापाऱ्याहून निराळें कोणी तरी पुढें यावें लागतें. या दोन्ही प्रकारांचीं उदाहरणें मुंबई, पुणें व कोल्हापूर या तीन ठिकाणांच्या इतिहासांत स्पष्ट सांपडतात.

२. शब्द व पूर्वपीठिका

प्रथम शब्दाचा विचार करूं. शिवण्याची मजुरी ती शिवणावळ, दागिना घडविण्याची मजुरी ती घडणावळ, धुण्याची ती धुणावळ. त्याच रीतीनें ‘खाणावळ’ म्हणजे जेवणाबद्दल द्यावयाचें मोल, आणि पुढें तें मोल घेऊन जेवूं घालण्याचें ठिकाण, असा अर्थाचा प्रवास झालेला दिसतो. ‘खानावळ’ या आज रूढ असलेल्या रूपावर फारसी ‘खाना’ शब्दाची छाया पडली असणें संभवनीय आहे. तात्पर्य, या संस्थेच्या नांवांतच पैशाचा व्यवहार आहे. आणि जुन्या समाजाला नवी होती ती हीच गोष्ट.

परगांवच्या माणसानें जेवावें कोठें याची सोय पूर्वीं नव्हती असें नाहीं. तीर्थक्षेत्रीं अन्नछत्रें व सदावर्तें होतीं. विद्यार्थ्यास माधुकरी होती. निरनिराळ्या घरीं वार लावून जेवण्याची चाल पुण्यांत विसाव्या शतकांतहि पुष्कळ वर्षें टिकून होती. १९०९ सालीं पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झालें तें याच पार्श्वभूमीवर. परंतु या सर्व सोयींत दोन गोष्टी समान होत्या. एक, जेवणारा मोल देत नसे. दुसरी, वाढणारा जेवणाऱ्याची जात ध्यानांत घेऊन मगच पान मांडीत असे. मोल देऊन जेवणारा माणूस शहरांत आला तेव्हां पहिली गोष्ट आपोआप सुटली. दुसरी सुटावयास मात्र पुष्कळ काळ लागला, आणि ती कोठें व कशी सुटली हाच या इतिहासाचा गाभा आहे.

३. गिरणगांवची खानावळ

कावसजी दावर यांनीं १८५४ मध्यें मुंबईंत पहिल्या कापड गिरणीचा उद्योग हातीं घेतला आणि १८५६ मध्यें ताडदेव येथें ती गिरणी चालू झाली. पुढील पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सर्व भाग गिरण्यांनीं व चाळींनीं भरून गेला. गिरणींतील मजूर मुख्यत्वेंकरून रत्नागिरी जिल्ह्यांतून व देशावरील सातारा वगैरे भागांतून येई, आणि बहुधा एकटा येई. जमिनीचा तुकडा, म्हातारीं माणसें व बायकामुलें गांवीं राहात. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें सव्वापांचशे भरल्या, आणि दर शंभर माणसांत सुमारें चौऱ्यांशी माणसें शहराबाहेर जन्मलेलीं आढळलीं. गिरणगांवच्या खानावळीचा जन्मवृत्तांत या दोन आंकड्यांत आहे.

एकेका खोलींत अनेक पुरुष वळकट्या टाकून राहात. तेथें प्रत्येकानें चूल मांडणें शक्य नव्हतें, आणि वेळहि नव्हता. १९११ च्या कायद्यानें कापड गिरणींतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ च्या कायद्यानें अकरा तासांवर आणि १९३४ च्या कायद्यानें दहा तासांवर. यावरून तत्पूर्वींची स्थिति काय असेल याची कल्पना करावी. अशा माणसाची गरज तीन अटींची होती. भोंगा होण्यापूर्वीं भाकरी तयार हवी. कालवणाची चव गांवची हवी. आणि पैसे पगार झाल्यावर घेतले पाहिजेत. या तिन्ही अटी रस्त्यावरच्या दुकानास पुऱ्या करतां येण्याजोग्या नव्हत्या. त्या पुऱ्या केल्या चाळींतील बायकांनीं. कोणी गिरणी कामगाराची पत्नी, कोणी विधवा. आपल्याच खोलींतील चुलीवर शेजारपाजारच्या बिऱ्हाडकरूंचा स्वयंपाक करून त्या महिन्याच्या बोलीनें जेवूं घालीत. दारावर पाटी नसल्यामुळें सरकारी दप्तरांत या खानावळींचा माग फारच थोडा लागतो. परंतु गिरणी कामगारांचा इतिहास त्यांच्यावांचून लिहितां येणार नाहीं.

या खानावळीचें अर्थकारण नीट पाहण्याजोगें आहे. वाणी महिनाभर उधारीनें माल देई, बाई महिनाभर उधारीनें जेवूं घाली, आणि गिरणीचा पगार झाला म्हणजे पैसा उलट वाटेनें परत फिरे. मध्यंतरीं कमी पडल्यास सावकार होताच, आणि त्याचें व्याज बाईनें आपल्या श्रमांतून फेडावयाचें. गिरणी बंद पडली किंवा संप झाला म्हणजे कामगाराच्या खालोखाल घाव बसे तो खानावळवालीवर. पानावर बसलेल्या माणसास ‘पैसे नाहींत तर ऊठ’ असें म्हणणें तिच्या मनास पटत नसे, आणि व्यवहारासहि परवडत नसे. कारण तो उठून गेला तर मागची बाकीहि त्याच्याबरोबर जात असे. मुंबईचे मोठे संप कोणाच्या बळावर टिकले याचा विचार करतांना पुढाऱ्यांच्या भाषणांबरोबर या उधारीचाहि हिशोब मांडला पाहिजे.

ही खानावळ वस्तीच्या गरजेंतून निघाली यांत शंका नाहीं. पण ती गरज कोणाची? खानावळी गांव व जात यांच्या धोरणानें वांटलेल्या असत. मालवणकडच्यांची निराळी, घाटावरच्यांची निराळी. आपल्या माणसांत बसून आपल्या बोलींत चार शब्द बोलत जेवण्यांत मोठा आधार होता; परंतु त्याच आधाराची दुसरी बाजू अशी कीं, जो ‘आपला’ नव्हता त्याच्यासाठीं तेथें पान नव्हतें. गिरणीच्या विणकाम खात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस घेत नसत. धोट्यांतील सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, हें त्याचें कारण सांगितलें जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ च्या संपाच्या वेळीं हा अन्याय उघडपणें पुढें मांडला. जेथें धोट्याला विटाळ होता तेथें ताटाला नव्हता असें मानणें कठीण आहे.

४. कोपऱ्याचा इराणी, कचेरीची दुपार आणि माटुंग्याचें केळीचें पान

मुंबईंतील इतर वस्त्यांकडे पाहिलें म्हणजे व्यापाऱ्याची नजर किती बारकाईनें काम करते हें समजतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणांतील यझ्द व केरमान या भागांतून जरथुष्ट्री लोक मुंबईस येऊं लागले. त्यांनीं चहाचीं दुकानें मांडलीं तीं पुष्कळदां रस्त्याच्या कोपऱ्यावर. हिंदु दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यास सहज मिळाली, अशी आख्यायिका सर्वत्र सांगतात. ती कशीहि असो. दोन रस्त्यांवर तोंड असलेल्या दुकानास दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक मिळतें, एवढें कारणहि पुरेसें आहे. धोबीतलावावरील कयानीचें दुकान १९०४ सालचें. अशा ठिकाणीं संगमरवरी टेबलापाशीं बसून एक चहा आणि ब्रुन-मस्का मागविणाऱ्यास गांव किंवा कूळ सांगावें लागत नसे. ज्यास घरीं बसावयास जागा नाहीं आणि खानावळींत जेवणाखेरीज बसण्याची सोय नाहीं, अशा शहरी माणसास इराण्यानें प्रथम बसावयास खुर्ची दिली.

बॅलार्ड इस्टेट हा भाग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पोर्ट ट्रस्टनें भरणी घालून वसविला. तेथें कचेऱ्या आल्या, बिऱ्हाडें आलीं नाहींत. १९२३ सालीं तेथें निघालेलें ब्रिटानिया हें भोजनगृह दीर्घकाळ दुपारच्या जेवणापुरतेंच उघडें राहात आलें. कचेऱ्यांच्या वस्तींत सायंकाळनंतर जेवणारा उरतच नाहीं. तेव्हां दुकानाच्या वेळेवरूनच त्या वस्तीचें स्वरूप ओळखतां येतें.

माटुंग्याची गोष्ट निराळी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि दादर-माटुंगा हा भाग त्या ट्रस्टनें आंखून वसविला. तेथें रेल्वेंत व कचेऱ्यांत नोकरी करणारीं दक्षिण भारतीय कुटुंबें मोठ्या संख्येनें आलीं. १९३२ मध्यें त्यांनीं साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी ही संस्था काढली. कुटुंबांमागून एकटे तरुण आले, आणि त्यांच्यामागून भोजनगृहें आलीं. १९४२ मध्यें ए. रामा नायक यांनीं माटुंगा स्टेशनाजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग उघडलें. उडुपीच्या कृष्णमठांतील पाकपरंपरेचा लौकिक पाठीशीं असल्यामुळें त्या पद्धतीच्या स्वयंपाकाविषयीं सोवळ्याच्या माणसासहि शंका नसे, आणि केळीच्या पानावरील शाकाहारी जेवण असल्यामुळें गुजराती शेजाऱ्यासहि तें चालत असे. एका प्रांताच्या लोकांसाठीं निघालेलें भोजनगृह सर्व शहराचें झालें, याचें इंगित येथें आहे.

मराठी वस्तींतील एक उदाहरण मुद्दाम देतों. दादर येथें १९१० मध्यें निघालेल्या मामा काणे यांच्या दुकानाचें नांवच ‘स्वच्छ उपाहारगृह’ असें आहे. हा ‘स्वच्छ’ शब्द विचार करण्याजोगा आहे. पाटीवर ‘सोवळें’ असा शब्द घातला असता तर पुष्कळ गिऱ्हाईक बाहेर राहिलें असतें. कांहींच विशेषण घातलें नसतें तर दुसरें पुष्कळ आंत शिरावयास कचरलें असतें. ‘स्वच्छ’ म्हटल्यानें जुन्या मनाच्या माणसानें आपल्या मनाचा अर्थ घ्यावा आणि नव्या मनाच्या माणसानें आरोग्यशास्त्राचा घ्यावा, अशी सोय झाली. जुन्या पाट्यांवरील विशेषणें अशा रीतीनें वाचलीं तर त्या काळच्या समाजाच्या मनांतील चलबिचल त्यांतून प्रकट होते.

५. पुण्यांतील चहाचा पेला

आतां व्यापाऱ्याची नजर जेथें पोंचत नाहीं त्या बाजूकडे वळूं. ४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्यांतील पंच हौद मिशनमध्यें एका सभेच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्या वेळीं पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें पुढें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केलीं आणि शहरांत मोठा गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांसारख्या पुरुषांनाहि प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें.

हें प्रकरण सामाजिक सुधारणेच्या इतिहासांत सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्यांतून निराळाच बोध घ्यावयाचा आहे. ज्या शहरांत एका पेल्यावरून एवढें प्रकरण होतें, त्या शहरांत ‘सर्वांस खुलें असें उपाहारगृह आम्हांस हवें’ असें उघडपणें कोण सांगणार? त्या काळीं कोणी पेठोपेठ फिरून विचारपूस केली असती तर अशा दुकानाची गरज नाहीं, असेंच उत्तर बहुतेक मिळालें असतें. तें उत्तर खोटें नसतें. परंतु तें पुरें नसतें. ज्यांस विचारलें त्यांचें तें उत्तर होतें. ज्यांना ओसरीवरहि चढूं देत नव्हते त्यांस विचारण्याची वेळच आली नसती.

६. कोल्हापूर येथील ‘सत्यसुधारक’

या प्रश्नास सरळ हात घातला तो कोल्हापुरच्या छत्रपति शाहू महाराजांनीं. महाराजांच्या धोरणांत या बाबतींत दोन पायऱ्या दिसतात, आणि त्या वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली पायरी वसतिगृहांची. १९०१ पासून कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग अशीं जातवार वसतिगृहें निघालीं; १९०८ मध्यें अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. खेड्यांतून येणाऱ्या मुलाच्या शिक्षणाआड भोजनाचा प्रश्न येत होता. तो सोडविण्यासाठीं महाराजांनीं प्रत्येक जातीच्या निराळ्या चुलीची रूढि तूर्त मान्य केली. मूल शाळेंत येऊं दे, पंक्तीचा वाद मागाहून पाहूं, असें हें व्यवहारी धोरण होतें. वस्तीची उघड दिसणारी गरज ओळखून केलेली ही व्यवस्था होय.

दुसरी पायरी मात्र उलट दिशेची आहे. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या चाकरींत असलेले महार समाजांतील गृहस्थ. पाण्याच्या हौदास हात लावल्यावरून वरच्या मानलेल्या जातींतील नोकरांनीं त्यांस बेदम मारहाण केली. महाराज त्या वेळीं कोल्हापुरांत नव्हते. परत आल्यावर गंगाराम यांनीं गाऱ्हाणें सांगितलें. महाराजांनीं मारणारांस शासन केलें आणि गंगाराम यांस स्वतंत्र धंदा करण्यास साह्य केलें. त्या साह्यावर त्यांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नांवाचें चहाचें हॉटेल उघडलें. दुकानाचा मालक महार आहे हें कळतांच स्पृश्य लोक तिकडे फिरकेनात. तेव्हां महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवीत, गंगाराम यांच्या हातचा चहा मागवून स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींसहि घ्यावयास लावीत. पुढें सोडावॉटर तयार करण्याचें यंत्रहि त्यांनीं गंगाराम यांस दिलें. ही हकीकत मुख्यतः तत्कालीनांच्या आठवणींतून आलेली असून तिच्या मुख्य भागासंबंधीं मतभेद नाहीं.

या घटनेकडे महाराजांच्या उदारपणाची एक गोष्ट म्हणून पाहण्याची रीत आहे. तेवढ्यानें तिचें महत्त्व संपत नाहीं. प्रथम जागेचा विचार करावा. गंगाराम यांस पोट भरण्यापुरतें साधन द्यावयाचें असतें तर दुकान महारवाड्यांत निघालें असतें. तेथें गिऱ्हाईकहि आपण होऊन आलें असतें. तें निघालें शहराच्या हमरस्त्यावर. दुसरें, धंद्याचा विचार करावा. कापडाचें किंवा लांकडाचें दुकान असतें तर विटाळाचा प्रश्न इतका तीव्र झाला नसता. चहा म्हणजे पाणी, आणि पाण्यावरूनच मारहाण झाली होती. ज्या वस्तूस हात लावल्याबद्दल मार बसला, तीच वस्तु उकळून, पेल्यांत घालून, मोल घेऊन शहरास पाजावयाची, असा या दुकानाचा अर्थ होता. तिसरें, नांवाचा विचार करावा. ‘स्वच्छ’ या शब्दांत जी तडजोड आहे ती ‘सत्यसुधारक’ या शब्दांत नाहीं.

गिऱ्हाईक मोजून पाहणाऱ्या कोणत्याहि शहाण्या व्यापाऱ्यानें हें दुकान काढूं नये असाच सल्ला दिला असता. उघडल्यावर तें रिकामें राहिलें यावरून त्याचा सल्ला खराहि ठरला असता. तरी कोल्हापुरास त्या काळीं अशाच दुकानाची गरज होती. १९१९ मध्यें महाराजांनीं सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा वगैरे स्थळें अस्पृश्यांस मोकळीं करण्याच्या आज्ञा काढल्या, आणि त्याच वर्षीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वसामान्य शाळांत घेण्याचा हुकूम दिला. हुकुमानें पाणवठा उघडतां येतो. कोणी कोणाच्या हातचा चहा घ्यावा हें हुकुमानें ठरवितां येत नाहीं. तेथें राजानें स्वतः गिऱ्हाईक व्हावें लागलें. ६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले. त्यांचें स्मारक कोल्हापुरांत उभारण्याच्या कामीं पुढें गंगाराम कांबळे यांनींच पुढाकार घेतला.

२६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा स्पष्ट निर्देश असून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथें कोणासहि प्रवेश नाकारतां येत नाहीं. एवढ्या थोर ग्रंथांत उपाहारगृहाचें नांव कां यावें, याचें नवल वाटणाऱ्यानें भाऊसिंगजी रस्त्यावरील रिकाम्या बाकांचें स्मरण करावें. सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें शिक्षेस पात्र ठरविलें.

७. वस्ती बदलल्यावर

उरलेला इतिहास थोडक्यांत सांगतों. गिरणगांवांतील खानावळवाल्या स्त्रियांचे सावकारी पाश सुटावे म्हणून श्रीमती प्रेमा पुरव यांनीं १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें आणि त्या स्त्रियांस बँकेचें कर्ज मिळण्याची वाट करून दिली. शंभर वर्षें जी वस्तीस जेवूं घालीत होती, तिला स्वतःचें भांडवल असण्याची गरज आहे हें प्रथम तेव्हां सर्वांच्या नजरेस आलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या पूर्ववत् उभ्या राहिल्या नाहींत, आणि भोंग्याबरोबर महिन्याच्या बोलीचीं पानेंहि उठलीं.

गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या व व्यापारी संकुलें आलीं, आणि त्यांच्याबरोबर नव्या नोकरवर्गासाठीं नवीं उपाहारगृहें आलीं. २९ डिसेंबर २०१७ रोजीं कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ माणसें मृत्यु पावलीं. ज्या आवारांतील मजुराला पूर्वीं बसून जेवावयास पुरेशी जागा मिळत नव्हती, त्याच आवारांत जेवणाच्या जागेचें मोल इतकें वाढलें कीं तीसाठीं गच्च्याहि अपुऱ्या पडल्या. गिऱ्हाईक मोजण्यांत व्यापारी चुकला नव्हता. परंतु वस्तीला काय हवें या प्रश्नांत जिवाच्या सुरक्षिततेचाहि समावेश होतो, आणि ती गिऱ्हाइकांच्या संख्येवरून समजत नाहीं.

सरकारनेंहि हा प्रश्न दोनदां हातीं घेतला. १९९५ मध्यें राज्यांत एक रुपयांत झुणका-भाकर देणारीं केंद्रें निघालीं, आणि २६ जानेवारी २०२० रोजीं शिवभोजन थाळीची योजना दहा रुपये दरानें सुरू झाली. तींत दोन चपात्या, भाजी, वरण व भात असें जेवण ठरविलें होतें. झुणका-भाकर केंद्रांपैकीं पुष्कळांनीं पुढें दुसरेच पदार्थ विकावयास आरंभ केला, आणि योजना बंद पडली. रस्त्यावरील मोक्याच्या जागेचें मोल एक रुपयाच्या भाकरीपेक्षां फार मोठें होतें. दडपलेल्या गरजेसाठीं दुकान उघडून देणें सोपें असतें. तें त्या गरजेसाठींच चालत राहील हें पाहणें कठीण असतें. शाहू महाराज एकदां चहा घेऊन थांबले नाहींत, पुनःपुन्हां गाडी थांबवीत राहिले, याचें महत्त्व येथें कळतें.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो. वस्तीचें भोजनगृह ठरविणारे घटक मुख्यतः चार: कामाची वेळ, पगाराची रीत, गांवची चव आणि विटाळाची कल्पना. पहिले तीन घटक व्यापारी आपण होऊन ओळखतो, आणि गिरणगांवची बाई, कोपऱ्याचा इराणी व माटुंग्याचा उडुपीवाला यांनीं ते इतके अचूक ओळखले कीं त्यांच्या बुद्धीचें कौतुक वाटावें. चौथ्या घटकापुढें मात्र तो व्यापारी म्हणून नमतें घेतो. जें गिऱ्हाईक आहे तें राखण्यासाठीं जें गिऱ्हाईक होऊं शकलें नाहीं त्यास तो बाहेर ठेवतो. म्हणून वस्तीला कोणतें भोजनगृह हवें हें केवळ आंत बसलेल्यांस विचारून ठरवूं नये; दाराबाहेर कोण उभें आहे तेंहि पाहावें.

संग्राहकांस एक विनंति करावयाची आहे. या विषयाचीं साधनें झपाट्यानें नष्ट होत आहेत. दुकान बंद पडलें म्हणजे पाटी भंगारांत जाते आणि वह्या रद्दींत. धोबीतलावावरील बस्तानीचें जुनें दुकान २००४ मध्यें बंद झालें. तशीं आणखी किती तरी गेलीं. खानावळींच्या उधारीच्या वह्या, मासिक पासें, दरपत्रकें, नगरपालिकेचे परवाने, वर्तमानपत्रांतील व पंचांगांतील जाहिराती, भांड्यांवर घातलेलीं नांवें, पाट्यांचीं छायाचित्रें, हें सर्व दप्तरखान्यांत येण्याजोगें साहित्य आहे. विशेषतः चाळींतील खानावळवाल्या स्त्रियांच्या वह्या कोठें मिळाल्यास त्या रद्दी समजूं नयेत. लिहितां न येणाऱ्या बाईनें भिंतीवर ओढलेल्या कोळशाच्या रेघांचें छायाचित्रहि हिशोबाचा कागदच होय. ‘सत्यसुधारक’ हॉटेलासंबंधीं कोल्हापुरकडील घराण्यांतून एखादें पत्र, पावती किंवा पेला उपलब्ध झाल्यास त्याची नोंद अवश्य व्हावी. राजदरबारचे कागद आपण पुष्कळ जमविले. राजा ज्या पेल्यांतून चहा प्यायला तो पेलाहि त्याच इतिहासाचें साधन आहे.